उमरीच्या शिवारांतील पपई आणि तिचा वलयरोग

पपईचें झाड महाराष्ट्राच्या परसांत इतकें रुळलेलें आहे कीं, तें मूळचें परदेशचें आहे याची आठवणहि सहसा कोणास होत नाहीं. विहिरीच्या काठीं किंवा न्हाणीच्या पाण्यावर एखादें रोप आपोआप उगवतें, वर्ष पुरें होण्याच्या सुमारास फळावर येतें, आणि घरच्या मंडळींस कच्च्या फळाची भाजी व पिकलेलें फळ या दोहोंचा लाभ विनासायास होतो. वस्तुतः ही वनस्पति अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांतील. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या दळणवळणामुळें ती पूर्वेकडे आली आणि भारताच्या हवापाण्यांत, जणूं काय ती येथलीच असावी, अशी वाढली. इतक्या सुलभ झाडाची शेती अवघड असेल असें कोणास वाटणार नाहीं. परंतु परसांतील एक झाड आणि रानांतील बाराशें झाडें यांमध्यें मोठें अंतर आहे. आणि त्या अंतराचा अनुभव मराठवाड्यांत ज्यानें ज्यानें पपईची बाग केली त्याला कधींना कधीं येतोच.

नांदेड जिल्ह्यांतील उमरी हें तालुक्याचें गांव नांदेडहून मुदखेड, धर्माबाद या बाजूनें निजामाबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. गोदावरीच्या खोऱ्यांतील ही काळी जमीन कापूस, ज्वारी, तूर आणि अलीकडे सोयाबीन यांची. पाऊस बेभरंवशाचा असल्यामुळें ज्याच्या विहिरीस थोडेंफार पाणी आहे असा शेतकरी फळबागेकडे वळतो. त्यांतहि आंब्यासाठीं कित्येक वर्षें वाट पाहावी लागते. पपई मात्र लागणीपासून नऊदहा महिन्यांत तोडीस येते आणि नंतर बराच काळ पैसा देत राहते. सहा फुटांवर सहा फूट अशी लागण केली तर एका एकरांत १,२१० झाडें बसतात. विकतचीं रोपें, ठिबक सिंचनाच्या नळ्या, शेणखत, मजुरी हा सर्व खर्च पहिलें फळ दृष्टीस पडण्यापूर्वींच झालेला असतो, आणि तो पुष्कळदां कर्जाऊ पैशांतून केलेला असतो. म्हणजे कुटुंबाचें भांडवल एकदां जमिनींत गेलें कीं फळ हातीं येईपर्यंत तें परत काढतां येत नाहीं.

अशा एखाद्या बागेंत एके सकाळीं शेतकऱ्यास दिसतें कीं, दोनचार झाडांचे शेंडे पिवळसर पडले आहेत. पानांवर हिरव्या व पिवळ्या रंगांची सरमिसळ होते. नवीं पानें आक्रसतात, त्यांच्या पाळ्या बारीक होत होत कांहीं ठिकाणीं केवळ सुतळीसारख्या शिरा उरतात. देठांवर व कोंवळ्या खोडावर गर्द हिरव्या, तेल लागल्यासारख्या रेघा उमटतात. पुढें फळें धरलींच तर त्यांच्या सालीवर एकांत एक अशीं गोल कडीं दिसूं लागतात. या कड्यांवरूनच रोगास वलयरोग म्हणावयाचें. इंग्रजींतून आलेलें ‘रिंगस्पॉट’ हें नांवहि आतां खेड्यापाड्यांत माहीत झालें आहे. शेतकरी मात्र एवढा विस्तार करीत बसत नाहींत. ‘बागेवर व्हायरस आला’ असें दोन शब्दांत सांगतात, आणि ऐकणाऱ्यास तें पुरतें कळतें.

रोग कोणत्या वयांत लागला यावर हानीचें मान अवलंबून असतें. मोठ्या, फळांनीं लगडलेल्या झाडास लागण झाली तर लागलेलीं फळें बहुधा हातीं येतात, मात्र त्यांची गोडी उतरते व पुढील बहर घटतो. परंतु लागणीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत रोप सांपडलें, तर त्यास पक्व फळ येण्याची आशा प्रायः सोडावीच लागते. झाड मरत नाहीं. तें हिरवें-पिवळें होऊन उभें राहतें, पाणी व खत घेतें, आणि देत कांहीं नाहीं.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पान पिवळें पडलें किंवा आक्रसलें कीं तो वलयरोगच, असें नव्हे. पपईस पानें गोळा होण्याचा दुसराहि एक विषाणुजन्य रोग होतो. त्याची नोंद १९३९ सालीं मद्रास इलाख्यांत झाली. त्यांत पानें उपड्या वाटीसारखीं खालीं वळतात, त्यांच्या शिरा जाड होतात, आणि त्याचा प्रसार पांढरी माशी करते. बोरॉन या सूक्ष्म द्रव्याच्या अभावींहि फळें खडबडीत व वेडींवांकडीं होतात. देठावरील तेलकट रेघा आणि फळावरील कडीं या दोन खुणा एकत्र दिसल्या म्हणजे वलयरोगाविषयीं फारशी शंका राहत नाहीं.

१९४८ हें साल उमरीच्या इतिहासांत निराळ्या कारणानें नोंदलेलें आहे. त्या वर्षाच्या जानेवारींत निजामी राजवटीविरुद्ध लढणाऱ्या कार्यकर्त्यांनीं येथील बँकेवर छापा घातला, आणि सप्टेंबरांत पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं सरहद्दीपलीकडील मुंबई प्रांतांत कपूर आणि वर्मा या दोघां संशोधकांनीं पपईवरील या केवड्यासारख्या रोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षीं, १९४९ मध्यें, पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांत जेन्सन नांवाच्या शास्त्रज्ञानें तेथील पपईचा रोग वर्णून त्यास ‘रिंगस्पॉट’ हें नांव दिलें. दोन दूरच्या प्रदेशांत जवळजवळ एकाच वेळीं ज्याकडे लक्ष वेधलें, तो हा रोग आज पपई पिकविणाऱ्या बहुतेक सर्व देशांत पोंचलेला आहे.

विषाणु म्हणजे काय, हें थोडक्यांत पाहणें अवश्य आहे. १८९२ सालीं इव्हानोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, तंबाखूच्या रोगट पानांचा रस अत्यंत बारीक गाळणींतून गाळला, इतका कीं जंतुहि अडकून राहावेत, तरी त्या रसाची रोगकारक शक्ति नष्ट होत नाहीं. १८९८ मध्यें बायरिंक या डच शास्त्रज्ञानें हा जंतूंहून वेगळा असा रोगकारक आहे हें मत मांडलें. पपईचा विषाणु सूक्ष्म तंतूसारखा आहे. त्याची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि कमी. त्याला तोंड नाहीं, पोट नाहीं, स्वतः हालचाल करण्याची शक्ति नाहीं. झाडाच्या जिवंत पेशींत शिरून तो तिच्याच सामग्रीनें आपल्या प्रती करवून घेतो. म्हणूनच ज्या औषधानें विषाणु मरेल पण पपईचें झाड जगेल, असें औषध शेतकऱ्याच्या हातीं नाहीं. दुकानांतून ‘व्हायरसवरचें औषध’ म्हणून जें जें विकलें जातें, त्याकडे या दृष्टीनें पाहावें. जस्त, बोरॉन इत्यादि सूक्ष्म द्रव्यांच्या फवारणीनें झाडाची ताकद कांहींशी टिकते हें खरें. परंतु ताकद टिकणें निराळें आणि रोग बरा होणें निराळें.

मग जो स्वतः हलूं शकत नाहीं तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो कसा? हें काम मावा नांवाचा किडा करतो. कापसावर येणारा, चवळीवर येणारा, अशा माव्याच्या अनेक जाति आहेत. गंमत अशी कीं, मावा पपईवर सहसा घर करीत नाहीं. त्यामुळें शेतकरी पानें उलटून पाहतो, त्यास किडा कोठें आढळत नाहीं, आणि रोग मात्र वाढतच जातो. याचें कारण माव्याच्या रीतींत आहे. आठवडे बाजारांत कांहीं गिऱ्हाइकें अशीं असतात कीं, प्रत्येक गाड्यावरील एक शेंग फोडून चाखावयाची आणि पुढें चालूं लागावयाचें. घ्यावयाचें कांहींच नाहीं. पंख फुटलेला मावा असाच उडत उडत पपईवर उतरतो, सोंडेनें पानास टोंचून चव पाहतो, हें आपलें अन्न नव्हे असें समजतांच उडून शेजारच्या झाडावर बसतो आणि तेथें पुन्हां टोंचतो. रोगट पानाची चव घेतांना विषाणु सोंडेस चिकटतो, पुढच्या पानाची चव घेतांना तो तेथें उतरतो. या दोन्ही क्रिया मिनिटाच्या आंत होऊं शकतात. उलट दोनचार वेळां निरोगी झाडास टोंचल्यावर किंवा थोडा काळ गेल्यावर सोंड आपोआप निर्दोष होते.

एवढें समजलें म्हणजे पुढील सर्व उपायांची संगति लागते. प्रथम, केवळ कीटकनाशकावर भिस्त ठेवून हा रोग कां आवरत नाहीं तें कळतें. औषधाचा अंमल होऊन मावा मरावयास जो वेळ लागतो त्याच्या आधींच त्याचें टोंचून झालेलें असतें. इतकेंच नव्हे, तर कांहीं औषधांनीं बेचैन झालेला मावा अधिक झाडांवर भटकतो आणि रोग पसरण्यास उलट मदत होते. शेतकरी आठवड्यामागून आठवडा फवारणी करतो, पैसा जातो, आणि बाग पिवळी पडावयाची ती पडतेच. हा पराभव त्याच्या आळसामुळें झालेला नसतो; शत्रूची चाल न ओळखल्यामुळें झालेला असतो.

खरा बंदोबस्त रोपवाटिकेपासून सुरू होतो. पपईच्या बियांतून हा विषाणु सहसा पसरत नाहीं. म्हणून चांगल्या बियांपासून दाट विणीच्या जाळीखालीं वाढविलेलें रोप निरोगी असतें. उलट, उघड्यावर, जुन्या रोगट बागेच्या शेजारीं तयार झालेलीं रोपें दिसावयास ताजींतवानीं असलीं तरी तीं रोग बरोबर घेऊन येण्याचा संभव असतो, कारण लागण झाल्यापासून लक्षणें उमटेपर्यंत दोनतीन आठवडे जातात. रोप स्वस्त मिळालें म्हणून आणावयाचें आणि त्याबरोबर रोगहि गाडींतून घरीं आणावयाचा, असा हा सौदा होतो.

दुसरा उपाय म्हणजे बागेभोंवतीं मका किंवा ज्वारी यांच्या दोनतीन दाट ओळींचें कुंपण. ह्या ओळी पपईच्या लागणीपूर्वीं पेरून वाढवाव्या लागतात. बाहेरून आलेला मावा आधीं या धाटांवर उतरतो, तेथेंच चव पाहतो, आणि त्याच्या सोंडेवरील विषाणु ज्यांस हा रोग होत नाहीं अशा पानांत उतरून वायां जातो. मराठवाड्यास ज्वारीचें कांहीं अप्रूप नाहीं. तिचा कडबा जनावरांस होतो आणि कुंपणहि होतें. तिसरा उपाय रुपेरी आच्छादनाचा. वाफ्यांवर चंदेरी रंगाचा प्लॅस्टिकचा पातळ पडदा अंथरला तर त्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशानें माव्यास दिशाभ्रम होतो आणि तो कमी उतरतो. झाडें लहान असून जमीन उघडी असते तोंपर्यंतच याचा उपयोग. परंतु झाडास जपण्याचे महिनेहि तेच. चौथी गोष्ट म्हणजे पपईच्या बागेंत किंवा तिच्या बांधाला काकडी, दोडका, कारलें, भोपळा, कलिंगड यांचे वेल लावूं नयेत. वेलवर्गांतील या भाज्यांवर विषाणूस आश्रय मिळतो आणि मावाहि तेथें पोसला जातो. चार पैसे मधल्या काळांत मिळावेत म्हणून पपईच्या ओळींत कलिंगड घेण्याचा मोह पडतो. तो आवरणें हिताचें.

पांचवा उपाय सांगावयास सर्वांत सोपा आणि करावयास सर्वांत कठीण आहे. पहिलीं रोगट झाडें दिसतांच तीं उपटून नष्ट करावीं. बाराशें दहा झाडांपैकीं बारा उपटलीं तर हानि शेंकडा एक होते. तथापि हा हिशेब कागदावर जितका सरळ दिसतो तितका तो बागेंत उभें राहिल्यावर राहत नाहीं. त्या झाडास शेतकऱ्याच्या बायकोनें रोप असतांना ओंजळीनें पाणी घातलेलें असतें. त्यावर पांचदहा हिरवीं फळें लोंबत असतात. आणखी महिनाभर ठेवलें तर फळांचे कांहीं तरी पैसे होतील, फवारणीनें कदाचित् पानें सुधारतील, असें वाटतें. परंतु चौकोनी लागणींत त्या एका झाडाभोंवतीं आठ शेजारी उभे असतात, आणि चाखत फिरणारा मावा महिनाभर थांबत नाहीं. आशेपोटीं राखलेलें एक झाड महिन्याभरानें सबंध ओळीस महागांत पडतें. मात्र याची मर्यादाहि ओळखली पाहिजे. रोग तुरळक असेल तेव्हांच उपटण्याचा उपयोग. अर्धी बाग पिवळी झाल्यावर कुदळ चालवून बाग वांचत नाहीं. म्हणून लागणीनंतरचे पहिले कांहीं महिने आठवड्यांतून दोनदां ओळीओळींतून फिरून प्रत्येक शेंडा पाहणें, हेंच या पिकाचें मुख्य काम समजावें.

एकट्याच्या दक्षतेनें मात्र भागत नाहीं, हें हवाई बेटांच्या अनुभवावरून स्पष्ट होतें. ओआहू बेटावर रोगानें बागा बुडूं लागल्यावर तेथील बागाइतदारांनीं आपला धंदा हवाई नांवाच्याच मोठ्या बेटावरील पुना या भागांत हलविला, आणि तीसेक वर्षें तेथें सुखानें काढलीं. १९९२ च्या मे महिन्यांत पुना भागांतहि विषाणु सांपडला. रोगट झाडें तोडण्याची सरकारी मोहीम निघाली. परंतु जीं शेतें मालकांनीं हताश होऊन सोडून दिलीं, त्यांतील उभीं झाडें रोगाचीं कोठारें बनलीं आणि शेजारच्या जपलेल्या बागाहि त्यांतून वांचल्या नाहींत. सहा वर्षांत पुना येथील उत्पन्न निम्म्यावर आलें. सुदैवानें हवाईमध्येंच जन्मलेले डेनिस गोन्साल्व्हिस आणि त्यांचे सहकारी हे संकट पुनापर्यंत येण्यापूर्वींपासून निराळ्या मार्गाचें संशोधन करीत होते. विषाणूवरील वेष्टणाच्या प्रथिनाचें जनुक त्यांनीं पपईंत घातलें. तसें झाड त्या विषाणूस दाद देत नाहीं. ‘सनअप’ आणि ‘रेनबो’ या नांवांच्या त्या जातींचें बीं १९९८ च्या मे महिन्यांत शेतकऱ्यांस देण्यांत आलें, आणि तेथील धंदा सावरला.

तीच जात भारतांत आणली म्हणजे झालें, असें वाटण्याचा संभव आहे. परंतु ही प्रतिकारशक्ति विषाणूच्या त्या त्या वाणापुरती असते. हवाईंतील वाणास अडविणारें झाड इतर देशांतील वाणापुढें टिकेलच असें नाहीं. शिवाय जनुक बदललेल्या पपईच्या व्यापारी लागवडीस भारतांत मान्यता मिळालेली नाहीं, आणि त्या प्रश्नावर मतभेदहि आहेत. महाराष्ट्रांत फार प्रचलित असलेली तैवानची ‘रेड लेडी’ ही जात रोग कांहींशी सोसते, पण तिला रोग होतच नाहीं असें नव्हे. पुण्यास भारतीय कृषि संशोधन संस्थेचें जें प्रादेशिक केंद्र आहे तेथें रोग सोसणाऱ्या वाणांची निवड करण्याचें काम झालेलें आहे. १९७२ सालीं परभणी येथें स्थापन झालेलें कृषि विद्यापीठ हें उमरीच्या शेतकऱ्यास सल्ल्यासाठीं सर्वांत जवळचें पीठ होय. तोंपर्यंत, म्हणजे निर्धोक वाण सर्वत्र मिळेपर्यंत, जाळी, ज्वारी आणि कुदळ यांवरच मुख्य भार आहे. आणि तो एका शेतापुरता नव्हे, तर शिवारापुरता उचलला पाहिजे. शेजाऱ्याची टाकून दिलेली बाग काढण्यास चार जणांनीं मजुरी वांटून घेतली तर ती दानधर्म नसून स्वतःच्याच बागेची राखण होते.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचा या विषयाशीं काय संबंध, असा प्रश्न कोणी करील. संबंध दुहेरी आहे. मंडईंत पपई घेतांना सालीवर कडीं दिसलीं म्हणजे गृहिणी तें फळ बाजूस सारते, किंवा कसलें तरी विषारी औषध लागलें असेल म्हणून भिते. वनस्पतींचा हा विषाणु मनुष्यास बाधत नाहीं. फळ थोडें कमी गोड लागेल, एवढेंच. तें खाण्यास कोणतीहि हरकत नाहीं. कड्यांचें फळ कोणी घेत नाहीं म्हणून व्यापारी त्यास नांवाला भाव देतो, आणि आधींच अर्ध्या पिकास मुकलेल्या शेतकऱ्याचें उरलेलें अर्धेंहि मातीमोल होतें.

दुसरा संबंध परसांतील झाडाचा. गांवाच्या कडेच्या बंगल्यांतून, शाळांच्या व कचेऱ्यांच्या आवारांतून पपईचीं रोगट झाडें वर्षानुवर्षें उभीं असतात, आणि पुष्कळदां त्यांच्याच अंगावर दुध्याचा किंवा दोडक्याचा वेल चढविलेला असतो. घरच्यांना त्यापासून फारसा तोटा नसतो, पण पलीकडच्या शेतांतील बागेस तेथूनच उपद्रव पोंचूं शकतो. शेंड्याचीं पानें सुतळीसारखीं झालेलीं आणि देठांवर तेलकट रेघा उमटलेलें झाड आवारांत असेल, तर तें काढून टाकावें, आणि नवें लावावयाचें झाल्यास वेलांपासून दूर लावावें. या कामास अर्धा तास पुरतो.

उमरीच्या शिवारांत पावसाळ्याच्या आरंभीं पपईचीं नवीं रोपें लागतील तेव्हां शेतकऱ्यानें काय पाहावें, हें आतां थोडक्यांत सांगतां येईल. रोप जाळीखालचें आहे काय; बांधावर ज्वारी कमरेइतकी वाढली आहे काय; जवळपास भोपळ्याचा वेल किंवा सोडलेली बाग आहे काय; आणि आठवड्यांतून दोनदां शेंडे पाहण्यास घरांतील कोण जाणार. या चार प्रश्नांचीं उत्तरें लागणीच्या आधीं ठरलीं, तर बाराशें झाडांपैकीं बरींच झाडें फळापर्यंत पोंचण्याची आशा धरावयास जागा आहे.